बेचाळीस सेंटिमीटर

प्रयोगशाळेत त्यांना सगळे ‘मिलीमीटर’ म्हणत. उपकरणं बसवायची, सरळ करायची, त्यांची उंची नोंदवायची, हे त्यांचं काम. सव्वीस वर्षांत त्यात कोणी बोट ठेवलं नव्हतं. चहा देतानाही कपाचा कान समोरच्याच्या उजव्या हाताला येतोय ना, हे ते बघत.

त्यांच्या विभागप्रमुख बाईंना एकच वेड होतं, प्रतिगुरुत्वाचं. पृथ्वीची ओढ अडवणारी वस्तू आजवर कोणी पाहिलेली नाही, बहुधा नसेलही. पण असलीच, तर ती ओळखायची कशी, हे बाईंनी ठरवून ठेवलं होतं. घड्याळ जमिनीलगत किंचित हळू चालतं, उंचावर किंचित जलद. हे मोजून झालेलं आहे. मग घड्याळाखालच्या एखाद्या वस्तूनं ओढ जराशी जरी अडवली, तर घड्याळ जागच्या जागी पुढे पळायला हवं.

निवृत्तीला चार महिने उरले असताना बाईंनी नव्या मिश्रधातूची जाड तबकडी करून घेतली. कपाटाएवढी दोन अतिशय अचूक घड्याळं शेजारशेजारच्या बंद खोल्यांत, एकाच उंचीवर ठेवली. तबकडी फक्त पहिल्याच्या खाली जायची होती. माणसाच्या अंगाच्या उबेनंही ती घड्याळं बिघडत, म्हणून मिलीमीटरांशिवाय आत कोणी जात नसे.

शुक्रवारी पहिल्या खोलीतला पाइप गळला. फरशीवर पाणी झालं. मिलीमीटरांनी जॅक लावून घड्याळ बेचाळीस सेंटिमीटर वर घेतलं, पाणी पुसलं. नोंदवही उघडणार, तोच बायकोचा फोन आला. “दाढ काढून झाली, न्यायला या.” फरशी वाळली की घेऊ खाली, असं म्हणत ते निघाले. शनिवारी त्यांनी घाईघाईत तबकडी सरकवली आणि मोजणी सुरू करून बाहेर आले. जॅक डोक्यातून पार निघून गेला होता.

सोमवारी बाई आलेख घेऊन धावतच आल्या. “मिलीमीटर, पळालं हो घड्याळ! सत्तर कोटी वर्षांत सेकंदभर पुढे जाईल, एवढासाच फरक. पण आहे!”

मिलीमीटरांना जॅक त्याच क्षणी आठवला. सांगायला तोंड उघडलं, तर बाई चष्मा काढून डोळे पुसत होत्या.

“आता तबकडी काढा,” त्या म्हणाल्या. “फरक गेला, तरच खरं.”

मिलीमीटर आत गेले. तबकडी काढली आणि गुपचूप घड्याळही खाली घेतलं. चूक निस्तरली, असं त्यांनी मनाला समजावलं. दार ओढून घेताना मात्र उमगलं, आपण काय करून बसलो ते. आता फरक जाणार, आणि बाईंना वाटणार तबकडी काढल्यामुळे गेला.

तसंच झालं. गुरुवारी बाईंनी निष्कर्ष जाहीर केला, तेव्हा सभागृह भरलं होतं. एका पाहुण्यानं विचारलं, “घड्याळाची उंची कोणी तपासली?”

“आमच्या मिलीमीटरांनी,” बाई हसून म्हणाल्या. “मी पुन्हा पाहिलीही नाही. त्यांचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.”

टाळ्या पडल्या. शेवटच्या रांगेत मिलीमीटर बुटाची नाडी बांधायला खाली वाकले. पायात चपला होत्या.

तबकडी पुन्हा ठेवली, तेव्हा फरक आला नाही. बाईंनी तारा तपासल्या, तबकडी घासून घेतली, पुन्हा ठेवली. तीन आठवडे असेच गेले. “बाईंचं विमान उतरलं,” असं विभागातले तरुण कुजबुजू लागले.

एका दुपारी बाई त्यांच्याजवळ येऊन बसल्या. “वय झालं माझं. काहीतरी माझ्याच हातून चुकतंय आणि मला ते दिसत नाहीये.”

“सापडेल, बाई,” मिलीमीटर म्हणाले. हे आपण बोललो कसं, ते त्यांना आजही कळत नाही.

त्या संध्याकाळी ते भरल्या ताटावरून उठले. बायकोनं खोदून विचारलं, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, “अहो, विसरायला काय, कोणीही विसरतं. पण ती बाई स्वतःला वेंधळी समजायला लागली, आणि तुम्ही बघत बसलात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाईंसमोर उभं राहून कबुली दिली. बाईंनी एवढंच विचारलं, “किती वर होतं?”

“बेचाळीस सेंटिमीटर.”

बाईंनी कागदावर हिशेब मांडला. फरक तंतोतंत जुळला.

“म्हणजे घड्याळ खरंच बोलत होतं,” त्या म्हणाल्या. आणि कागदाची घडी घालत, “सोमवारीच सांगितलं असतंत, तर मी पाच मिनिटं रागावले असते.”

त्याच सभागृहात बाईंनी निष्कर्ष मागे घेतला. “उंचीची नोंद राहिली. जबाबदारी माझी.”

मिलीमीटर उठले. “बाईंची नाही. घड्याळ मी उचललं, आणि चोरून खालीही मीच घेतलं.” कोणी हसलं नाही, कोणी वळून पाहिलंही नाही. कोणी चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

बाई ठरल्या दिवशी निवृत्त झाल्या. अधूनमधून त्यांचा फोन येतो. बायकोच्या दातांची चौकशी करतात, मोकळेपणानं हसतात. मिलीमीटरही हसतात. फोन ठेवल्यावर मात्र त्यांचे कान तापलेले असतात, आणि ते थोडा वेळ बाल्कनीत एकटेच उभे राहतात.