एकमताने ठरलं

पेन्सिल सर नेहमी उलटी करून द्यायचे. टोक स्वतःकडे, बोथट बाजू समोरच्याकडे. टेबलावरून ती हळूच पुढे सरकवायची आणि म्हणायचं, "तुमचं काय म्हणणं हाय, सांगा की." समोर मुरलेला आर्किटेक्ट असो नाहीतर सकाळीच कामावर रुजू झालेली मुलगी असो, पेन्सिल अशीच यायची आणि प्रश्न हाच यायचा. एकदा ती सकाळीच रुजू झालेली मुलगी मी होते, समोर एका घराचा नकाशा होता आणि मला काहीही म्हणायचं नव्हतं. ते थांबले. चहा गार झाला तरी थांबले. शेवटी सुटका व्हावी म्हणून मी म्हटलं की जिना जरा अंधारा वाटतो. त्यांनी मान डोलावली, आणि तो नकाशा त्या दिवशी ऑफिसबाहेर गेला नाही.

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याच्या पाठीमागे आपण त्याची नक्कल करतो. सरांची पेन्सिल सरकवायची नक्कल मी झकास करायचे, आणि ते दारात उभे राहून ती बघून हसायचे. मूळचे वैरागचे. सगळं आयुष्य सोलापुरात गेलं, पण बोलण्यातलं 'हाय' आणि 'न्हाय' सुटलं नाही. मात्र नव्या पोरापोरींनासुद्धा ते 'तुम्ही' म्हणायचे, अगदी रागावले तरी.

ऑफिस तेव्हा भवानी पेठेत होतं, चादरीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. शेजारच्या मागांचा खडखडाट दिवसभर चालायचा, त्यामुळे आम्ही सगळेच मोठ्यानं बोलायला शिकलो. ऑफिस सरांनी सुरू केलेलं, पण पाटीवर त्यांचं नाव नव्हतं. कुणाचंच नव्हतं. नुसतं 'आर्किटेक्चर आणि डिझाइन' असं लिहिलेलं. लोक झेरॉक्स काढायला म्हणून वर यायचे. आम्ही सरांना म्हणायचो, निदान आडनाव तरी टाका. ते म्हणायचे, आडनाव टाकलं की माणसं आडनावालाच विचारत येतील, बाकीच्यांनी मग काय माशा मारायच्या?

शनिवार हा आमच्या ऑफिसचा खरा दिवस. आठवडाभराचे नकाशे लांब टेबलावर मांडायचे आणि एकेक करून फिरवायचे. टेबलाशी सगळे बसायचे. साइट सांभाळणारे रफीकभाई, हिशेब बघणारे मोरे, आम्ही सगळ्या मुली. नकाशा पसंत असेल तर निळ्या पेन्सिलीनं बरोबरची खूण करायची. खटकलं तर लाल रेघ मारायची. एक जरी लाल रेघ पडली तरी काम तिथं थांबायचं. मग नकाशा आणणाऱ्यानं आणि रेघ मारणाऱ्यानं समोरासमोर बसायचं, एकाला दुसऱ्याचं पटेपर्यंत. रेघ ज्यानं मारली त्यानंच पुसायची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. आणि स्वतःच्या बाबतीत, म्हणजे आपली खुर्ची, आपली बढती, आपली रजा असल्या गोष्टींत कुणी लाल पेन्सिल उचलायची नाही. हे सगळे नियम सरांचे. कुठं लिहिलेले नव्हते, पण मोडायची हिंमतही कुणी करत नसे.

आता हे ऐकायला छान वाटतं. रोज करून बघा म्हणजे कळेल. एकदा मोऱ्यांनी एका बंगल्याला लाल रेघ मारली, का, तर तसला रंग त्यांच्या सासुरवाडीला होता. सर त्यांच्यासमोर बसले आणि दुपारभर सासुरवाडीचं पुराण ऐकत राहिले. शेवटी रंग बदलला. मालकाला आधीचा रंग आवडला होता, त्याची समजूत काढायलाही सरच गेले. आणखी एकदा एका वाचनालयाच्या नकाशावर सगळ्यांच्या निळ्या खुणा पडल्या, आणि बांधकाम चालू झाल्यावर लक्षात आलं की संडासाला दारच दाखवलेलं नाही. प्रत्येकाला वाटलं, एवढ्या जणांनी बघितलंय तर आपण कशाला बघायचं. संस्थेचे लोक तणतणत आले. सर उठून म्हणाले की चूक माझी आहे. आम्ही खाली मान घालून बसलो. ते लोक गेल्यावर मात्र सर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून आलं, असं मी एकदा विचारलं होतं. तेव्हा त्यांनी आजोबांची गोष्ट सांगितली.

"आजोबांनी हिरीची जागा एकट्यानं ठरवली. लई खोल गेले. नुसता दगड लागला, पाणी न्हाय. आजीला आधीच म्हायती हुतं, तितं पाणी न्हाय म्हणून."

"मग आजींनी सांगितलं का नाही?"

"सांगायला आदी कुणी इचारावं लागतं की."

नितीनला सरांनीच आणलं. कॉलेजात ते आठवड्यातून एकदा शिकवायला जायचे, तिथला हा विद्यार्थी. हुशार, कामाला वाघ, गिऱ्हाइकाशी बोलण्यात पटाईत. हे मी नाकारणार नाही. सरांनी त्याला भागीदार केलं, पुढं त्याच्याच वयाच्या आणखी दोघांना केलं. ऑफिस वाढलं. होटगी रोडला नवी जागा घेतली, तिथं बाहेरचा आवाज येत नाही आणि आतला एसी बंद होत नाही. लांब टेबल मात्र नितीननं हौसेनं तिकडं नेलं. बाहेरून कुणी आलं की तो टेबलावर हात ठेवून सांगायचा, आमच्याकडे बॉस नाही, आम्ही सगळे मिळून ठरवतो. पाहुणे खूश व्हायचे. सर कोपऱ्यात बसून ऐकायचे आणि त्यांनाही बरं वाटायचं. मला तेव्हाच ते ऐकवत नसे, पण म्हणायचं काय? तो बोलत होता ते शब्द सगळे सरांचेच होते.

एका शिक्षणसंस्थेचं मोठं काम आलं. संस्थेच्या अध्यक्षांना पुण्यासारखी काचेची इमारत हवी होती, आणि ती पश्चिमेला तोंड करून. सोलापूरचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना पुढचं सांगायला नको. त्या शनिवारी नकाशा फिरला, निळ्या खुणा पडत गेल्या, आणि सरांनी लाल रेघ मारली. त्यांनी लाल पेन्सिल उचललेली मी त्याआधी क्वचितच पाहिली होती. पोरं त्या वर्गांत भाजून निघतील, एवढंच ते म्हणाले. नितीन त्यांच्यासमोर बसला, पुन्हा बसला, पण रेघ पुसायला त्यांना तयार करू शकला नाही. काच गेली, भिंत आली. अध्यक्ष चिडले. म्हणाले, तुमच्यात नेमकं कुणाशी बोलायचं ते एकदा ठरवा.

ते ठरवायला नितीननं फार दिवस लावले नाहीत. पुढच्या एका शनिवारी त्यानं जो कागद टेबलावर मांडला तो इमारतीचा नव्हता, ऑफिसचा होता. चौकटी आखलेल्या, कोण कुणाच्या हाताखाली ते दाखवणाऱ्या. सर सगळ्यांत वर होते. 'मार्गदर्शक' असं लिहिलेलं आणि चौकट खालच्यांशी ठिपक्यांच्या रेघेनं जोडलेली. आमच्या धंद्यात ठिपक्यांची रेघ जे डोक्यावरून गेलंय आणि खालच्या माणसाला दिसत नाही त्याच्यासाठी काढतात. तुळई, छज्जा, असलं काही. मार्गदर्शकांनी शनिवारी यायची तसदी घेऊ नये, असं नितीननं फार आदरानं सांगितलं. सरांचं वय, सरांची तब्येत, सरांचे उपकार, सगळं त्यात आलं.

सरांना त्या टेबलाखेरीज दुसरं काही नव्हतं. नावाची पाटी नाही, मानसन्मान नाही, नावाजलेली अशी एखादी इमारत दाखवावी तर तीही सगळ्यांची. शनिवारी तिथं बसणं एवढंच त्यांनी आयुष्यात स्वतःचं म्हणून ठेवलेलं. आणि ते त्यांना लाल रेघ मारून वाचवता येत नव्हतं, कारण मामला स्वतःचा होता.

कागद फिरला. मोऱ्यांनी खूण केली. रफीकभाईंनी बराच वेळ पेन्सिल हातात धरली आणि मग खूण केली. माझ्यापुढं आल्यावर मी लाल रेघ मारली, चांगली ठळक.

नियमाप्रमाणे नितीन माझ्यासमोर बसला. मी ऐकलं नाही. मग सर स्वतः येऊन बसले, हे मी कधी विसरणार नाही. ज्या माणसाला टेबलावरून उठवायचं होतं तोच मला समजावायला आला.

"पुसून टाका," ते म्हणाले. "माझ्यापायी सगळं अडून ऱ्हायलं, तर मग मी आजोबाच झालो की."

मी म्हटलं, "सर, मला पटलेलं नाही. पटल्याशिवाय पुसायचं नाही असं तुम्हीच शिकवलंय."

मला वाटतं त्यांना आतून बरं वाटलं असावं. उठताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. रेघ तशीच राहिली आणि मला वाटलं, चला, वाचलं.

मी खुळीच. पुढच्या शनिवारी नितीननं नवा कागद आणला. त्यावर एकच गोष्ट होती. ऑफिस आता मोठं झालंय, म्हणून यापुढं लाल रेघ मारायचा हक्क फक्त भागीदारांना. बाकीच्यांनी सूचना कराव्यात, त्यांचं स्वागत आहे. म्हणजे माझी रेघ आपोआप गेली, कुणी न पुसता.

सरांनी लाल पेन्सिल उचलली. नितीन अगदी हळू म्हणाला, "सर, स्वतःच्या बाबतीत लाल रेघ मारायची नाही. तुमचाच नियम आहे."

"हे माझ्याबद्दल न्हाय. ह्या पोरींच्या, रफीकभाईंच्या हातातली पेन्सिल तुमी काढून घेताय."

"बाकी सगळ्यांचं एकमत आहे, सर. विचारा हवं तर."

आणि त्यांनी खरंच विचारलं. एकेकाकडे वळून, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, तोच त्यांचा प्रश्न. लोक काय बोलणार? कुणी म्हणालं काळ बदललाय. कुणी म्हणालं तुम्ही आता आराम करावा. रफीकभाई म्हणाले, "सर, मेरा क्या है, जैसा सब बोले." मी एकटीनं नाही म्हटलं; लाल रेघ मला मारता येत नव्हती, जाणारा हक्क माझाच होता. सरांनी सगळ्यांचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, लाल पेन्सिल खाली ठेवली, निळी उचलली आणि त्या कागदावर खूण केली.

मला त्या दिवशी त्यांचा संताप आला. नितीनचा येणारच होता, पण त्याहून जास्त त्यांचा. लोकांना विचारायचं म्हणजे त्यांचं भित्रेपणही मान्य करायचं का? हे मी त्यांना विचारलंच, जिन्यात गाठून. ते म्हणाले, बाई, फक्त जिंकायचं असंल तेव्हाच इचारायचं, ह्याला इचारणं म्हणत न्हाईत. मला हे पटलं नाही. अजूनही पटत नाही.

पुढच्या शनिवारपासून सर आले नाहीत. नोकरी मी सोडली नाही. सोलापुरात इंटिरियरच्या नोकऱ्या झाडाला लागत नाहीत. शनिवारी मी जाते, निळी पेन्सिल समोर असते, सूचना करते. त्यांचं स्वागत होतं.

ऑफिसच्या वर्धापनदिनाला एका हॉटेलात मोठा समारंभ झाला. 'सामूहिक नेतृत्वाची वाटचाल' अशी फिल्म दाखवली, पुण्याच्या कुठल्याशा कंपनीनं केलेली. टेबल होतं, पेन्सिली होत्या, वरून, खालून, बाजूनं दाखवलेल्या. सरांना शाल, श्रीफळ आणि कुंडीतलं एक रोप दिलं. रोप मांडीवर घेऊन ते तिसऱ्या रांगेत बसले होते. निवेदिकेनं नितीनला विचारलं, ही सुंदर पद्धत मुळात सुरू कुणी केली? नितीन हसून म्हणाला, "कुणा एकानं नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून." टाळ्यांचा कडकडाट झाला. सरांनी रोप खाली ठेवलं आणि तेही टाळ्या वाजवू लागले. तोंडदेखलं नव्हतं ते. त्यांना ते उत्तर खरोखरच आवडलं होतं.

गेल्या थंडीत सर गेले. सकाळी पेपर वाचता वाचता गेले, कुणाला काही करायला न लावता. दिवसकार्य झाल्यावर काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, त्यांचा एक फोटो चौकटीत बसवून ऑफिसात पाठवला. टेबलाच्या मागच्या भिंतीवर लावाल का, एवढंच विचारलं होतं. शनिवारी विषय निघाला. नितीन म्हणाला, सरांना व्यक्तिपूजा आवडली नसती, आणि आपल्या पद्धतीत कुणा एकाचा फोटो बसत नाही. दोघा भागीदारांनी माना डोलावल्या. मी नाही म्हटलं. एकमताने ठरलं की फोटो सन्मानपूर्वक परत करावा. माझं घर काकूंच्या घराच्या वाटेवर म्हणून तो माझ्याकडे दिला.

जुळे सोलापुरातल्या त्यांच्या घरी मी तो घेऊन गेले. रिक्षात बसून काय बोलायचं ते ठरवत होते, पण त्याची गरज पडली नाही. काकूंनी माझ्या हातातली चौकट बघितली आणि आत या म्हणाल्या.

"एकमतानं ठरलं असंल," त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं. मी नको म्हणत होते, पण माझं आता धरत नाहीत, हेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पदरानं काच पुसली, फडताळातून हातोडी काढली आणि खोलीतल्या भिंतींकडे बघत उभ्या राहिल्या.

"हितंच लावते. आता घरात इचारायला तरी कोन ऱ्हायलंय."

स्टुलावर चढून खिळा त्यांनीच ठोकला. फोटो जरा तिरका लागला होता. त्यांनी मला विचारलं नाही, आणि मी बोलले नाही.