खाकी चिंध्यांची वाट

गेल्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही मुखेड-देगलूर भागातल्या एका छोट्या गावात, ओट्यावर बसून चहा पीत होतो. प्रवास होता नाशिक ते पुरी, गाडीने. मी आणि नवरा समीर, आलटून पालटून ड्रायव्हिंग. आदल्या दिवशी लातूर जिल्ह्यातली खरोशाची लेणी बघून झाली होती, आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत हैदराबाद गाठायचं होतं.

मुक्काम होता प्रज्ञाच्या, म्हणजे माझ्या ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या माहेरी. गावामागच्या डोंगरात एक जुनं लेणं आहे, तिकडे कोणी फिरकत नाही, असं तिनेच कधीतरी सांगितलं होतं. मग काय, मी निघायच्या आठवडाभर आधी तिच्या वडिलांना फोन करून विचारलं, ट्रेक जमेल का?

"हाव, जमंल की. मी नेतो न्हवं!" गंगाधरकाका एका दमात म्हणाले.

काका रिटायर्ड पोस्टमन. अडुसष्ट वय, काटक अंग, आणि सायकल सुटली तरी पायजम्याला क्लिप लावायची सवय सुटलेली नाही. पंचक्रोशीतलं एकेक घर त्यांना पाठ... कोणाचा मुलगा मिलिटरीत, कोणाची लेक निजामाबादला दिलेली, सगळं. त्यामुळे असा गाइड मिळाला म्हणून मी खूश होते.

चढाई तशी सोपी होती. पण काका दर थोड्या वेळाने थांबायचे आणि झुडपांकडे निरखून बघायचे. मला वाटलं दम लागतोय, सांगायला लाजतायत. मी पाण्याची बाटली पुढे केली की "न्हाई माय, तू पी" म्हणून पुन्हा चालू लागायचे.

तासाभराने लक्षात आलं, एका पळसापाशी आम्ही दुसऱ्यांदा आलोय. जानेवारी असला तरी मराठवाड्याचं ऊन ते... डोकं तापलं होतं. गवत सगळं वाळलेलं, वाटेचा पत्ता नाही, आणि माझ्या डोळ्यांसमोर हैदराबादचं ट्रॅफिक.

अजून अर्धा तास तसाच गेला. मग माझं तोंड सुटलं. म्हटलं, "काका, तुम्हाला रस्ता नक्की माहीत आहे ना? नसेल तर आधीच सांगायचं होतं... आमचा अख्खा दिवस जातोय."

काका काठीने गवत बाजूला करत राहिले. समीरने माझ्याकडे असं बघितलं की मला पुढचं बोलणं गिळावं लागलं.

तेवढ्यात माझी ओढणी बोरीच्या काट्यात अडकली. सोडवायला वाकले तर फांदीला कापडाची एक पट्टी बांधलेली दिसली. खाकी रंगाची, दोन गाठी मारून घट्ट. वाळल्या गवतात ती इतकी मिसळून गेली होती की हातभर अंतरावरूनही दिसली नसती.

"घावली!" काका मागून ओरडले. चेहरा असा उजळला की विचारू नका.

मग तिथेच खाली बसून त्यांनी सगळं सांगितलं. माझा फोन येईपर्यंत ते या डोंगरावर जन्मात चढलेच नव्हते. "वर कुणाचं पत्रच न्हाई आलं कधी, कशाला चढतोय?" पण पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं? आणि पोस्टातला त्यांचा शिरस्ता असा, की नवीन बीट, म्हणजे टपाल वाटायचा नवा भाग, मिळाली की आधी एकदा रिकाम्या हाताने फिरून यायचं. म्हणून शुक्रवारी ते एका मेंढपाळाला सोबत घेऊन लेण्यापर्यंत जाऊन आले होते, आणि परतताना खुणेसाठी जुन्या युनिफॉर्मच्या शर्टाच्या पट्ट्या बांधत आले होते.

"घरात तेवढंच मजबूत कापड व्हतं. पर गवताचा रंग ध्यानातच न्हाई आला बगा..."

आम्ही तिघंही हसलो. मी जरा जास्तच, कारण मला लाज वाटत होती.

एक खूण सापडल्यावर पुढच्या सापडत गेल्या. लेणं म्हणजे अर्धवट कोरलेल्या दोन खोल्या आणि बाजूला पाण्याचं टाकं. काकांनी चपला बाहेर काढल्या, हात जोडले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. आम्ही सावलीत टेकलो. वारा छान होता.

उतरताना मी समीरच्या चाकूने माझी लाल ओढणी फाडली आणि प्रत्येक खाकी पट्टीशेजारी एक लाल पट्टी बांधत आले. "चांगली वढणी हाय माय, नको," असं काका म्हणत होते, पण गाठी तेच मारून देत होते.

घरी भाकरी, ठेचा आणि दही तयारच होतं. जेवताना मी प्रज्ञाच्या आईला, शांताकाकूंना, खाकी पट्ट्यांची गंमत सांगितली, तर त्या वाढता वाढता थांबल्या.

"त्यो शर्ट फाडला व्हय? तरीच शुक्रवारी कात्री मागितली..." मग हळूच म्हणाल्या, "नोकरीच्या शेवटच्या दिवशी घातलेला त्यो. इस्त्री करून पेटीत ठिवला व्हता. मी एकदा फडक्याला मागितला तर आठ दिस बोलले न्हाईत माझ्याशी."

काका तोवर हात धुऊन अंगणात गेले होते आणि समीरला गाडीच्या टायरमधली हवा तपासायला लावत होते.

मी हातातली भाकरी ताटात ठेवली. ज्या माणसाने आमच्यासाठी पेटीतली एकुलती एक ठेव फाडली, त्याला मी दिवस वाया गेल्याचं सुनावलं होतं.

हैदराबादला पोचायला उशीर झालाच... झाला तर झाला. हॉटेलवर बॅगा टाकल्या आणि आधी काकांना फोन लावला. म्हटलं, काका, सकाळी मी जे बोलले त्याबद्दल सॉरी.

"कशाचं सॉरी? आता लाल खुणा लागल्यात," काका म्हणाले. "पुढच्या खेपेला तू म्होरं चाल, मी मागनं येतो."