आर्डिस खाली येते

आर्डिस व्होंड्राने विमान बांधलं ते घरच्या गॅरेजमध्ये, लाकूड आणि कापडाचं. दिवसा ती शेतघरांना टपाल वाटायची, संध्याकाळी पंखांना सरस लावायची. लग्न केलं नाही. आमच्या नेब्रास्कात घरी विमान बांधायला घेणारे पुष्कळ, उडवायच्या दिवसापर्यंत पोचणारे थोडे. म्हणून कुणाचं पहिलं उड्डाण असलं की गाव घडीच्या खुर्च्या घेऊन गवताच्या धावपट्टीवर येतं. उडताना पाहायला नव्हे, उतरताना पाहायला. हे कुणी बोलून दाखवत नाही.

सगळी तपासणी झाल्यावर बर्निस मावशी आली. आई गेल्यावर आर्डिसला हिनेच वाढवलं. तिच्या हातात स्वतः शिवलेली, ठासून भरलेली उशी होती. आर्डिस बुटकी, टपालाच्या गाडीतसुद्धा मान ताणून बसते, विमानातून तिला पुढचं काय दिसणार, असं मावशीचं म्हणणं. न आवडलेली वस्तूही आमच्याकडे तोंडावर परत करत नाहीत. मावशीने वाकून उशी सीटवर ठेवली, तिच्या फिती सीटमागे बांधल्या, आर्डिस बघत राहिली.

रेडिओ ड्वेनकडे होता. त्याने पूर्वी पिकांवर विमानातून फवारणी केलेली, आणि धावपट्टीच्या कडेचं मक्याचं शेत त्याचंच. तो म्हणाला, "उतरताना माझा तेवढा मका कापून दे, मजुरी वाचेल."

विमान सहज वर गेलं. उंचावर पोचल्यावर, रीतीप्रमाणे, तिने उतरण्याची तालीम केली. वेग कमी करत, विमानाचं नाक उचलणारी, दोन पायांमधली दांडी पोटाकडे ओढायची. दांडी मध्येच थांबली.

"ड्वेन, दांडी पूर्ण मागे येत नाही. उशीला अडते."

ड्वेनने रेडिओचा आवाज कमी केला. खुर्च्यांवरच्या गप्पा थांबल्या. मावशी विचारत होती, काय म्हणाली, काय म्हणाली. कुणी सांगितलं नाही.

दांडी पूर्ण मागे आली नाही तर टेकताना नाक हवं तेवढं उचललं जात नाही, आणि टेकल्यावर शेपूट जमिनीशी दाबून विमान सरळ धरता येत नाही. फितींच्या गाठी तिच्या पाठीमागे होत्या. पट्टे सोडून उठायला जागा नव्हती. ड्वेनने तिला वेगात यायला सांगितलं, पुढच्या दोन चाकांवर टेकायला सांगितलं.

"शेपूट खाली आलं की गरकन फिरेल विमान," ती म्हणाली.

"फिरू दे. लाकूड परत मिळतं."

पहिल्या वेळी ती फार उंचावरून आली आणि न टेकता पुढे निघून गेली. आमच्या डोक्यांवरून सावली गेली, गार, क्षणभर. दुसऱ्या वेळी चाकं टेकली, उसळली, पुन्हा टेकली. विमान सरळ धावत होतं. मग शेपूट खाली आलं आणि हळूच एका बाजूला सरकलं, झोपेत कूस बदलावी तसं. त्यानंतर सगळं एकदम झालं. विमान गरकन फिरलं, एका चाकाचा पाय मोडला, पंखाचं टोक मातीत घुसलं. लाकूड तुटल्याचा आवाज आला, आणि मग कसलाच नाही.

आम्ही पोचेपर्यंत ती बाहेर आली होती. ओठ फुटला होता.

"आडवा वारा आला ना?" ड्वेन म्हणाला. "मलाही दिसला."

त्या दिवशी मक्याचं पान हलत नव्हतं. सगळ्यांना घरी घेऊन जाता येईल असं कारण तो देत होता. मागून मावशी आली, धापा टाकत. आर्डिस मोडलेल्या पंखाकडे पाहत होती. आमच्यातला हॅरल्ड अगदी तसंच विमान बांधत होता, आणि तोही बुटका. तो शेजारीच उभा होता.

"वारा नव्हता," ती म्हणाली. "दांडी उशीला अडली, मावशी. आणि मी ती बांधू दिली."

मावशीचा चेहरा उतरला.

"तोंड नाही का गं तुला?" ती म्हणाली. "नको म्हणायला काय होतं?"

आणि आर्डिसच्या ओठावरचं रक्त तिने अंगठ्याने पुसलं, जरा जोरातच.