अक्काचा हसरा फोटो

रविवार, २२ जानेवारी २०२३ रोजी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी मी उसात शिरलो. वय एकाहत्तर. कारण कलात्मक होते.

लासुर्ण्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. चाळीस वर्षे मी एकच गोष्ट उत्तम केली: माणसांना ताठ उभे करायचे आणि "हलू नका!" असे ओरडायचे. पापणी मिटलेला माणूस माझ्या फोटोत सापडणार नाही. (जिवंत माणूसही सापडणार नाही, असे थोरली बहीण अक्का म्हणते.) त्या दिवशी कळंबला तिच्या रानात हुरड्यासाठी सारे घर जमले होते.

"दत्तू, माझा एक हसरा फोटू काढ," ती म्हणाली. "मी गेल्यावर भिंतीला लावायचाय. तुझ्या फोटूत मी आत्ताच गेल्यागत दिसती!"

मला चेव आला. प्रयोग करायचा! लपून, नकळत टिपायचे! कारण कॅमेरा दिसला की आमचे घराणे आपोआप श्वास रोखते.

हुरडा भाजायच्या आगटीशेजारच्या उसात मी सरपटत पुढे गेलो. लेन्स बाहेर काढली. अक्का आता हसणार, तोच उसाचे पान नाकात गेले. शिंक मी दाबली. ती गुरगुरत बाहेर पडली.

"बिबट्या!" धाकटा भाऊ हणमंत किंचाळला. "उसात बिबट्या हाय! डोळा बघा कसा चमकतोय!"

(ती माझी लेन्स होती.)

हुरडा उधळला. अक्काचे यजमान दाजी, ज्यांना एरवी उंबरा ओलांडायला हात द्यावा लागतो, ते ट्रॅक्टरच्या बॉनेटवर चढले! हणमंताने ढेकूळ उचलून माझ्यावर नेम धरला. मी सवयीने ओरडलो, "हलू नका!"

आणि सगळे थिजले! हनुवट्या वर, हात अंगाला चिकटलेले, नजर थेट लेन्सकडे. दाजी बॉनेटवर सावधान.

"बिबट्या न्हाय," हणमंत ओठ न हलवता म्हणाला. "आपलं दत्तूतात्या हायती."

मी उभा राहिलो. डोक्यावर पाचट, चष्मा एका कानाला. अक्काने मला पाहिले, आणि ती हसली! पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली! उजेड उत्तम होता. कॅमेरा हातात होता. मी तो डोळ्याला लावला आणि म्हणालो, "अक्का, हसू नकोस. फोटो हलेल."

ती तत्काळ गंभीर झाली. मी कळ दाबली.

फोटो अत्यंत स्पष्ट आला. दुपारी लासुर्ण्याला जाऊन मी तो छापला, चौकटीत बसवला आणि परत नेऊन अक्काला दाखवला.

"लाव आत्ताच," ती म्हणाली. "मी जाईपतुर सगळ्यास्नी सवय तरी हुईल."

सायंकाळी सहा वाजता मी भिंत मोजली आणि खिळा ठोकला. सरळ.