अकरा वर्षं मीच उचललेला विडा

१९७८ साल. मी तेव्हा एक्कावन्न वर्षांचा. शाळा म्हणाल तर तिसरी, तीही पूर्ण नाही. पण लुगड्याचा काठ मी न बघता विणत असे, आणि नागपुरातल्या आमच्या मोहल्ल्याच्या विणकर सोसायटीचा अकरा वर्षं अध्यक्ष होतो. हे आधीच सांगून ठेवतो, पुढं लागेल.

निवडणुकीचे दिवस होते. आमचे आमदार पुन्हा उभे होते. संध्याकाळी त्यांची जीप गल्लीत आली, सोसायटीच्या ओट्यावर चढून ते बोलले. खुर्चीला चिकटून बसणं हा रोग आहे म्हणाले. या खेपेला निवडून दिलंत तर विधानसभेत कायदा आणीन, कोणीही असो, दोन खेपांच्या वर आमदारकी नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. सुताचा गठ्ठा आला की मी वरची लडी कधी पाहत नसे. मधली ओढून काढायची, माल तिथं कळतो. माणसालाही माझा तोच हिशेब.

मी उभा राहिलो. विचारलं, "साहेब, हा कायदा पास कोन करन?"

"सभागृह करेल."

"मंजे जे बसून राहिले, तेच?"

ते हसले, जनतेचा रेटा पाहिजे असं काहीतरी म्हणाले. मला अजून एक धागा ओढायचा होता. "तुमची एक खेप होऊन गेली. ते धरसान का नाही?"

साहेबांनी घड्याळात पाहिलं. म्हणाले, कायदा झाल्यानंतर मोजायला सुरुवात होईल, मागचं कसं धरणार? गल्ली खो खो हसली. मला तर मिशीला पीळ द्यावासा वाटला. पकडला होता मी त्याला.

तेवढ्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी म्हातारी बोलली. ती माझ्या आईच्या बरोबरीची, मला लहानाचा मोठा होताना पाहिलेली. ओट्याखाली बसल्या बसल्या, मान वर न करता म्हणाली, "अन् तुया विडा कोन्या सालापासून मोजाचा गा?"

आता लोक जास्त हसले. साहेबही हसले, आणि तेवढ्यात जीपमध्ये बसून निघून गेले.

आमच्या सोसायटीत चिठ्ठ्या टाकून मतदान नसायचं. दसऱ्याला सगळे जमले की मधोमध ताटात विडा ठेवायचा. ज्याला अध्यक्ष म्हणून वर्षभर काम सांभाळायचं त्यानं तो उचलायचा, बाकीच्यांनी मान डोलवायची. अकरा वर्षं मीच उचलला. दुसऱ्या कोणाला नकोच असतो, असं मी सगळ्यांना सांगत असे. सरकारी ऑफिसात जाऊन सुतासाठी भांडणं सोपं नव्हतं, ते मी केलं, हेही खोटं नाही.

घरी जेवताना बायकोला म्हटलं, म्हातारीला बोलायची अक्कल नाही. बायको भाकरी वाढत म्हणाली, "ताट जमिनीले टेकू तरी देता का तुमी?"

मी पुढं जेवलो नाही. मला एक हात आठवत होता. शेजारच्या मागावरचा माणूस, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, लिहिता-वाचता येणारा. दोन वर्षांमागं दसऱ्याला त्याचा हात ताटाकडं निघालेला मी पाहिला होता. पाहिला म्हणूनच मी घाई केली. त्यानं तो हात तसाच गुडघ्यावर नेला आणि गुडघा खाजवत बसला. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही.

साहेबांवर माझा विश्वास बसला, असं कोणी समजू नये. तो कायदा येणार नाही हे मला त्याच संध्याकाळी माहीत होतं. पण पाच वर्षांनी ती जीप पुन्हा गल्लीत येणार होती, आणि मला पुन्हा उभं राहून विचारायचं होतं. तेव्हा म्हातारीसारखं कोणी मला खाली बसवलेलं चालणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत पांजणी होती. ताण्याचं सूत या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून खळ लावायची, म्हणून सगळे विणकर हजर होते. मी घरून ताट आणलं, त्यात विडा ठेवला आणि ताट ओट्यावर मांडलं. दसऱ्याला अजून लय दिवस आहेत, असं कोणीतरी म्हणालं. मी बाह्या वर केल्या, दोन्ही हात कोपरापर्यंत खळीच्या घमेल्यात घातले आणि ओट्याकडं पाठ करून सुताला खळ लावायला लागलो.