ओळीतलं अंडं

परवा वनरक्षक एक फॉर्म घेऊन गावात आला. आपल्या माळावर माळढोक पक्षी शेवटचा कधी आणि कुठे दिसला, एवढंच त्याला लिहून न्यायचं होतं. लोकांनी त्याला माझ्याकडे धाडलं. साहजिकच आहे. निवृत्त झालो तरी गावात मी झाडांचा गुरुजी. तो माळ मीच हिरवा केला, असं इथं सगळे मानतात, आणि मीही ते कधी नाकारलं नाही.

शाळेत शिकवत होतो तेव्हा मला तो माळ ओसाड वाटायचा. नुसतं गवत, मुरूम आणि वारा. मी शाळेची मुलं घेऊन तिथं गिरिपुष्पाची रोपं लावायचं ठरवलं. दोरी धरून खड्डे आखले. मुलांच्या वहीत एक अक्षर ओळीबाहेर गेलं तरी लाल पेन काढणारा मी, खड्डे वाकडे कसे चालतील? दुसऱ्या दिवशी तालुक्याहून पाहुणे यायचे होते.

गावातला एक मेंढपाळ तिथंच मेंढरं चारत होता. तो धावत आला. "गुरुजी, त्या अंगाला खणू नगा. माळढोक बसलीया अंड्यावर. आमी धा दिस मेंढरं वळवून नेतोय."

जाऊन पाहिलं. उघड्या जमिनीवर एकच अंडं, मातकट हिरवं, नेमकं माझ्या दोरीखाली. पक्षीण लांब जाऊन मान उंचावून उभी होती.

"दोरी हलवा की वाईच," तो म्हणाला.

मी दोरी हलवली नाही, अंडं हलवलं. रुमालात धरून पंचवीस-तीस पावलांवर एका झुडपाच्या सावलीत, गवताची गादी करून ठेवलं. वर मुलांना ऐकवलं, "बघा, याला म्हणतात वन्यजीवांचं रक्षण." मुलांनी टाळ्या वाजवल्या. मेंढपाळ तेवढा मेंढरांकडे निघून गेला.

पाहुणे आले, भाषण झालं, पेपरात फोटो आला. चौथ्या दिवशी मेंढपाळ घोडेगावच्या बाजाराला निघालेला वाटेत भेटला. "अंडं गार पडलंय, गुरुजी," एवढंच म्हणाला. पक्षीण त्या झुडपाकडे फिरकलीच नव्हती. वर्षाला एकच अंडं घालणारा पक्षी, हे मी नंतर वाचलं. आधी वाचलं असतं तरी दोरी हलवली असती का, याची मला खात्री नाही, आणि याचीच जास्त लाज वाटते.

रोपं जगली, झाडं झाली, खालचं गवत गेलं, आणि माळढोक तिथं पुन्हा कुणाला दिसला नाही. आता खात्याचे लोक सांगतात की माळ हा माळच राहायला हवा, गवत परत आणायला ही झाडं काढावी लागतील. बरोबरच आहे. कुणी काढायला लागलं तर मी आडवा येणार नाही.

वनरक्षक आला तेव्हा मेंढपाळ माझ्याच ओट्यावर चहा पीत होता. आता त्याची मेंढरं नाहीत, गुडघे गेलेत. फॉर्म वाचून झाल्यावर मी त्याच्याकडे पाहिलं. जागा मला पावलापावलानं पाठ आहे. पाहुण्यांनी लावलेलं झाड आज तिथंच उभं आहे. मी चष्मा काढून पुसायला लागलो.

मेंढपाळानं कप खाली ठेवला. "लई वर्सं झाली, सायेब," तो म्हणाला. "आता कुनाला आठवतंय? लिवा, ठावं न्हाई."

त्यानं मला झाकलं. ज्या माणसानं त्या अंड्यासाठी दहा दिवस मेंढरं वळवली, त्यानं माझ्यासाठी खोटं सांगितलं, आणि मी ते सांगू दिलं.

वनरक्षकानं "माहिती नाही" असं लिहिलं आणि शिकलेला माणूस म्हणून खाली माझी सही मागितली.

मी केली. ठळक, वळणदार, अगदी ओळीवर.