दोन नट मागे

इथे कॅनडात, रेजिनात, आमचा गॅरेजवाला नागपूरचा. चाकाचे नट काउंटरवर मांडून तो अमेरिकन फुटबॉलचा डिफेन्स समजावतो, आणि त्याच्या लाडक्या जुन्या टीमचा विषय निघाला की हातातला पानाही खाली ठेवतो. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण इथे मराठीत बोलायला मला तो एकटाच, म्हणून मी मान डोलावतो.

एकदा त्यानं विचारलं, "भाऊ, तुम्ही कसे उभे कराल?"

घाबरून मी क्रिकेटच्या सवयीनं दोन नट मागे, स्लिपमध्ये लावले. तो काउंटरवर वाकून म्हणाला, "डोकं आहे न भाऊ तुम्हाले."

पुढच्या सोमवारी विंटर टायरचे नट पुन्हा आवळून घ्यायला गेलो, तर त्याचा चेहरा उतरलेला.

"काल आपल्या टीमनंही दोघं मागेच ठेवले. हरले न भाऊ."

मी माफी मागितली. कशाबद्दल, ते मला अजून कळलेलं नाही.